‘थोडक्यात वाचलो’ची वही : होडीवरच्या अपघातांची नोंद कशी ठेवाल?

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात एक प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. ती कुगाव आणि कळाशी या दोन गावांमधली बोट. कुगाव करमाळा तालुक्यातलं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं. कळाशी इंदापूर तालुक्यातलं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातलं. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण गेले.

धरणाच्या फुगवट्याने गावागावांत पाणी शिरलेलं असतं, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं बोटीने ये-जा करतात. अशा कुठल्याही तरीवर, म्हणजे बोटीने पार होण्याच्या जागी, रोजच्या प्रवाशांशी बोलून बघा. “मागच्या वळवातही अशीच हलली होती”, “एकदा तर पाणी आत आलं, डब्याने उपसत आलो” अशा गोष्टी निघतातच. त्या टपरीवर चहाबरोबर सांगितल्या जातात आणि कप विसळला की संपतात. पाण्यावरचा मोठा अपघात बऱ्याचदा आधी दोन-चार वेळा दार वाजवून गेलेला असतो. ते दार वाजणं लिहून ठेवायचं, एवढाच या लेखाचा विषय.

मी गेली काही वर्षं खडकवासला आणि पवनेवर वल्हवणाऱ्या एका छोट्या ग्रुपची अशी वही सांभाळतो. पुण्याला हा नाद जुना आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, सीओईपी या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे वल्हवण्याचा सोहळा, पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, दापोडीला सीएमई या लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तिथे शिस्त असते, शिकवणारे असतात. मी लिहितोय ते बाकीच्यांसाठी. पवनेकाठी तंबू टाकून दोन कायाक (वल्ह्याच्या अरुंद छोट्या होड्या) घेतलेला कॅम्पवाला, बोट क्लबची जबाबदारी यंदाच गळ्यात पडलेला कॉलेजचा सेक्रेटरी, रविवारी सोसायटीतल्या आठ-दहा जणांना घेऊन पाण्यावर जाणारा हौशी माणूस.

१. लिहायचं काय, ते आधी ठरवा

अमेरिकेत करमणुकीच्या बोटींचे अपघात राज्यांमार्फत कोस्ट गार्डपर्यंत कळवले जातात आणि दरवर्षी त्याचा अहवाल निघतो. कळवायचं कधी, याची रेघ तिथे स्पष्ट आहे. कुणी दगावलं, कुणी बेपत्ता झालं, प्रथमोपचारापलीकडे उपचार लागतील अशी इजा झाली किंवा २,००० डॉलर वा त्याहून जास्त नुकसान झालं, तर कळवायचं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात बोट उलटून बुडालेल्यांचा वेगळा रकाना असतो, पण त्यात येणार ते पोलिसांपर्यंत पोचलेलंच.

दहा माणसांच्या ग्रुपला ही रेघ फार वर पडते. आमच्या वहीत तीनच खूण-शब्द आहेत : ‘मोठं’, ‘लागलं’ आणि ‘वाचलो’. ‘मोठं’ म्हणजे दवाखाना, पोलीस, बोट बुडणं. ‘लागलं’ म्हणजे खरचटण्यापासून टाके पडण्यापर्यंत काहीही. आणि ‘वाचलो’ म्हणजे काहीच झालं नाही, पण होऊ शकलं असतं. वारा आला आणि परत यायला एक तास लागला, इंजिन मध्येच बंद पडलं, पोरगं वाकून पाण्यात हात घालत होतं आणि काकांनी कॉलर धरली, वगैरे.

‘वाचलो’मध्ये काय घ्यायचं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी एकाने कसोटी काढली, ती अजून चालते. घरी गेल्यावर जी गोष्ट सांगावीशी वाटली, किंवा मुद्दाम सांगितली नाही, ती लिहायची. दुसरा प्रकार जास्त कामाचा.

२. वही कुठे ठेवायची

धक्क्यावर. ऑफिसात नाही, घरी नाही, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. ग्रुपवर टाकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांखाली गाडली जाते. जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली वही घ्या, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, सोबत दोरीला बांधलेलं बॉलपेन. शाईचं पेन नको. आठवड्याला पानांचे फोटो काढून एका ठिकाणी साठवा.

ज्यांना लिहिण्याचा कंटाळा किंवा संकोच आहे त्यांचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. आमच्याकडे बोट चालवणाऱ्या काकांना वर्षभर “लिहा हो” म्हणून सांगितलं, एक ओळ आली नाही. मग त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायला सांगितलं. आता मेसेज तीन-तीन मिनिटांचे येतात, त्यात वाऱ्याची दिशा असते, पाण्याचा रंग असतो आणि समोरच्याला दिलेल्या दोन शिव्याही. शिव्या वगळून मी ते वहीत उतरवतो.

३. रकाने

नवी माणसं चुकतात ती इथे. “रविवारी कायाक उलटली, कुणाला लागलं नाही” एवढं लिहिलं तर सहा महिन्यांनी त्यातून काहीही हाती लागत नाही. म्हणून एक नमुना देतो.

“रविवार, दुपारी ४.१०. धक्क्यापासून साधारण दीडशे मीटर, वडासमोर. वारा पश्चिमेचा, पाण्यावर जागोजाग पांढरा फेस. दोन माणसांची कायाक, माणसं दोन, दोघंही मोठी. लाईफ जॅकेट दोघांच्या अंगात, मागच्याचा खालचा पट्टा सुटा. वळताना लाट बाजूने आली, उलटली. मागच्याचं जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकलं. पाण्यात अंदाजे ४ मिनिटं. इजा : डावं कोपर खरचटलं. बरं काय झालं : दोघांनीही कायाक सोडली नाही. शिटी एकाकडेच होती.”

यातल्या काही गोष्टींवर थोडं थांबतो.

जागा लिहिताना काठावरची ठळक खूण लिहा. मोबाईलवरचं लोकेशन मिळालं तर उत्तम, पण भिजलेल्या हातांनी ते कुणी घेत नाही.

पाण्याची पातळी हा आपल्या धरणांवरचा खास रकाना. समुद्रावर भरती-ओहोटी असते, इथे ऑक्टोबरातलं पाणी आणि मेमधलं पाणी ही दोन वेगळी ठिकाणं असतात. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं मंदिर वर येतं, उजनीत पळसदेवचं. ते दिसतं म्हणून लोक फोटो काढायला जातात. पण मंदिर दिसायच्या आधी काही आठवडे तेच दगड वीतभर पाण्याखाली असतात, आणि बोटीचा पंखा तिथेच आदळतो. जुन्या झाडांचे बुंधे, बांध, विहिरींचे कठडे यांचंही तेच. जलसंपदा विभाग धरणांचे रोजचे साठे जाहीर करतो, वर्तमानपत्रांतही येतात. खडकवासला भरलं की १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. त्या दिवशीचा टक्का वहीत लिहा. उजनी मृतसाठ्यात गेली की आकडा उणे होतो, तोही तसाच लिहायचा. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की “धरण चाळीस टक्क्यांवर आलं की या टोकाला पंखा लागतो” असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल.

वाऱ्यासाठी यंत्र लागत नाही. पाणी बघा. फेसाचे ठिपके अधूनमधून दिसत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर धरा, जिकडेतिकडे पांढरं दिसत असेल तर २० ते २८. हे वारा मोजायच्या ब्यूफोर्टच्या मापातले तिसरा आणि चौथा टप्पा. मोठ्या पाण्यावर हे माप जास्त नेमकं लागतं, पण सगळ्यांनी एकच माप वापरलं तरी पुरे.

माणसं किती होती आणि बोटीची क्षमता किती, हे दोन वेगळे आकडे शेजारी-शेजारी लिहा. लहान मुलं मोजताना लोक सर्रास “ती काय, मांडीवर बसतील” म्हणतात. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आणखी एक लिहा, माणसं बसली होती की उभी, आणि कुठल्या बाजूला. केरळात थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी प्राणी बघायला प्रवासी एका बाजूला गेले, दुमजली बोट कलंडली आणि ४५ जण दगावले.

लाईफ जॅकेटचा रकाना एक नाही, तीन आहेत. होतं का? अंगात होतं का? पट्टे आवळलेले आणि माप बरोबर होतं का? “लाईफ जॅकेट होती” या वाक्याला काही अर्थ नाही, ती सीटखालीही असतात. अमेरिकेच्या २०२३ च्या अहवालात बोटिंगमध्ये ५६४ मृत्यू आहेत. कारण माहीत असलेल्यांपैकी तीनचतुर्थांश बुडून गेले आणि जॅकेटची माहिती मिळाली त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ‘अंगात होतं का’ हा प्रश्न फॉर्मवर वेगळा छापलेला होता म्हणून हा आकडा निघाला. जॅकेट किती जोराने तरंगवतं ते त्याच्यावर न्यूटनमध्ये छापलेलं असतं. ५० चं म्हणजे पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत, बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्याची त्याच्याकडून अपेक्षा नाही. त्यासाठी १०० किंवा १५० लागतं. तो आकडाही टिपा.

इंजिनची बोट असेल तर किल-कॉर्ड लावलेली होती का, हे विचारा. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची ती पिळाची लाल दोरी. चालक पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर बोट त्याच्याभोवतीच गोल फिरत राहते. ती दोरी किल्लीसारखी खिळ्याला लटकलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता गेल्या गेल्या माझी नजर आधी खिळ्यावर जाते.

दारू? लिहायची. चालकाने, प्रवाशाने, कुणीही घेतलेली असो. पवनेच्या काठी रात्रीच्या शेकोटीनंतर ‘जरा आत जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांची नोंद केली नाही तर निम्मी वही खोटी.

इजेत शरीराचा भाग, कशाने लागलं आणि पुढे काय उपचार झाले ते. कुणी पाण्याखाली गेलं असेल तर किती वेळ, आणि बाहेर काढल्यावर श्वास चालू होता का, हे घड्याळाच्या वेळेसह लिहा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. नाकातोंडात पाणी जाऊन खोकला थांबत नसेल किंवा धाप लागत असेल तर माणूस “बराय मी” म्हणाला तरी दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनीही वाढतो. उलटं धरून पोटातलं पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात श्वास द्यायचा वेळ जातो.

४. विचारायचं कसं

माझी स्वतःची पहिली नोंद सांगतो. एक बोट धक्क्याला लागताना कलली, दोघी पाण्यात पडल्या, कमरेएवढंच पाणी होतं, हसत बाहेर आल्या. मी वहीत ऐटीत लिहिलं : “नावाड्याचा निष्काळजीपणा.” तीन महिन्यांनी त्याच जागी तसंच झालं. या वेळी नावाडी दुसरा. मग मी तिथे तासभर बसून पाहिलं. धक्क्याच्या पायऱ्या एकाच अंगाला होत्या. बोट लागली की उतरायच्या घाईत सगळे एकदम त्याच बाजूला उभे राहायचे. नावाडी कुणीही असता तरी बोट कललीच असती. माझ्या त्या दोन शब्दांनी तीन महिने खाल्ले होते. आता आम्ही दोराने दोन टोकं बांधतो आणि एकेकाला हात देऊन उतरवतो.

म्हणून वहीत ‘कुणाची चूक’ हा रकाना ठेवू नका. ‘त्याआधी काय चाललं होतं’ असं विचारा. त्याच दिवशी विचारा, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांची गोष्ट एकसारखी होते. आधी प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. बोट चालवणाऱ्याला चारचौघांत विचारलंत तर तो स्वतःला वाचवणारच, पोटाचा प्रश्न आहे त्याचा. कोरडे कपडे, चहा, आणि मग प्रश्न, हा क्रम मोडू नका.

नावं लिहायची नाहीत. ‘प्रवासी १’, ‘चालक’, वय अंदाजे, पोहता येतं की नाही, एवढं बास. वही दहाजणांच्या हातून फिरते. कुणाच्या आजाराची किंवा दारूची गोष्ट नावासकट पसरली की पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही.

५. फेऱ्या मोजा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. समजा शनिवारी वर्षात सहा घटना झाल्या आणि बुधवारी दोन. शनिवार धोक्याचा वाटतो. पण शनिवारी तीनशे फेऱ्या झाल्या असतील आणि बुधवारी वीस, तर पन्नास फेऱ्यांमागे शनिवारी एक घटना आणि बुधवारी पाच. मग बुधवारी काय होतं ते शोधावं लागेल. कदाचित नवा चालक, कदाचित जुनी बोट. त्यामुळे रोज संध्याकाळी फेऱ्या आणि माणसं, दोन आकडे. उभ्या रेघांनी मोजलं तरी चालेल.

६. महिन्यातून एकदा वाचन

वही नुसती भरत राहिली तर ती रद्दी. महिन्याच्या शेवटी बोट चालवणाऱ्यांसकट सगळ्यांनी बसायचं, नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि एकच गोष्ट बदलायची. पाच ठरवल्या की एकही होत नाही. पुढच्या महिन्यात तीच नोंद पुन्हा आली का, ते बघायचं.

आमच्या वहीने पहिल्या वर्षी आम्हाला तोंडघशी पाडलं. आम्ही सगळे वाऱ्याला घाबरत होतो, आणि ‘लागलं’मधल्या निम्म्याहून जास्त नोंदी धक्क्यावरच्या निघाल्या. शेवाळावरून घसरणं, बोट आणि धक्का यांच्यामध्ये हाताची बोटं चेमटणं. काथ्याची चटई अंथरली, कडेला जुने टायर बांधले. खर्च किरकोळ.

दुसरा धडा वळवाचा. एप्रिल-मेमधल्या ‘वाचलो’ नोंदी दुपारी साडेतीननंतर दाटीने दिसायला लागल्या. यामागचं कारण साधं आहे. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली आदळते आणि पावसाच्या पुढे धावत येते. म्हणजे पाण्यावर तुमच्याकडे ऊन असतं, पाऊस लांब दिसत असतो, आणि वारा मात्र येऊन पोचतो, तोही दिशा बदलून. “पाऊस आला की निघू” हा हिशेब म्हणून चुकतो. गडगडाट ऐकू आला की काठावर, असा नियम केला आणि त्या दोन महिन्यांत शेवटची फेरी तीनला बंद केली.

७. पोलीस, कायदा

थोडक्यात सांगतो. कुणी दगावलं किंवा बेपत्ता झालं तर आधी ११२, जखमीसाठी १०८. मृत्यू असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून चौकशी करतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. बोट, दोर, जॅकेटं जागची हलवू नका, माणसं वाचवण्यासाठी हलवावी लागली तर काय कुठून हलवलं ते लिहा. शोधकार्यासाठी एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, पण तिला बोलावणं प्रशासनाचं काम, तुमचं काम ११२ वर नेमकी जागा सांगणं. तुमची वही पोलिसांच्या नोंदीची जागा घेत नाही. मागितली तर द्यायची, आणि त्या दिवसानंतर तिच्यातलं एक अक्षरही खोडायचं नाही.

इंजिनच्या बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो, अपघात कळवण्याची आणि त्याच्या चौकशीची तरतूदही त्यात आहे. भाड्याची बोट घेत असाल तर ही कागदं आधी बघायला मागा. कागद दाखवताना मालक चिडला, तर तेही वहीत ‘वाचलो’खाली टाकायला हरकत नाही.

८. शेवटचं पान

वहीच्या मागच्या बाजूने एक वेगळी यादी सुरू करा, न झालेल्या फेऱ्यांची. वारा, ढग, जास्त माणसं, पट्टा तुटलेलं जॅकेट, कारण काहीही असो. फेरी रद्द करणाऱ्या माणसाचं त्या दिवशी नुकसान होतं, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि काही घडत नाही म्हणून त्याचं बरोबर होतं हे कुणाला कळतही नाही. लिहिलं तर निदान महिन्याच्या बैठकीत ते वाचलं जातं. आम्ही त्या दिवसाचे चालकाचे पैसे ग्रुपच्या वर्गणीतून देतो.

व्हॉइस मेसेजवाल्या काकांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेली पहिली ओळ त्याच यादीत आहे. तारखेखाली मोठ्या अक्षरांत : “ढग पानशेतकडून. पावणेतीन. दोन बोटी बाहेर काढल्या. गिऱ्हाईक ११, नाराज.”